ऑनलाइन दुकानाच्या रचनेतील दोष : बीडच्या सीताफळाच्या निमित्ताने

आठवडी बाजारात सीताफळांची पाटी मांडून बसलेली बाई आणि तिच्यासमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक यांच्यातील व्यवहार वरकरणी अगदी साधा दिसतो. गिऱ्हाईक फळ हातात घेते, हलकेच दाबून पाहते. आजच खावयाचे की परवा, असा प्रश्न त्याला विचारला जातो आणि उत्तराप्रमाणे पाटीतील फळ निवडून दिले जाते. भाव, वजन, फळाची पक्वता, सुट्या पैशांची सोय हे सारे बोलता बोलता ठरते. गैरसमज झालाच तर तो जागच्या जागी दूर होतो. ऑनलाइन दुकानात ही बाई नसते. तिच्या जागी एक पडदा असतो, आणि तिने जे प्रश्न विचारले असते ते सर्व दुकान बांधणाऱ्याने आधीच कल्पून ठेवावे लागतात. जो प्रश्न कल्पिला गेला नाही, त्याला तेथे उत्तर मिळत नाही.

ऑनलाइन दुकानाच्या रचनेतील दोष म्हटले की सामान्यतः भडक रंग, दाटीवाटीने मांडलेली चित्रे किंवा न सापडणारी बटणे डोळ्यांसमोर येतात. हे दोष खरे आहेत. परंतु ते वरवरचे असून थोड्या श्रमाने दुरुस्त होतात. याहून खोल असा दोषांचा एक वर्ग आहे. त्यात पृष्ठ दिसावयास नीटनेटके असते, मात्र ते ग्राहकाविषयी, मालाविषयी किंवा गावाविषयी काहीतरी चुकीचे गृहीत धरून रचलेले असते. ग्राहकाचा पत्ता कायम असतो, त्याचा फोन त्याच्या एकट्याचा असतो, माल आठवडाभर टिकतो, ही सर्व गृहीतके होत. महानगरातील कपड्यांच्या दुकानाला ती बहुधा लागू पडतात. बीड जिल्ह्यातील सीताफळाच्या दुकानाला ती लागू पडत नाहीत, आणि म्हणूनच हे उदाहरण अभ्यासास सोयीचे आहे.

मालाचा स्वभाव

बालाघाटच्या डोंगररांगांत, विशेषतः धारूर, अंबाजोगाई, बीड, पाटोदा या भागांत सीताफळाची झाडे पूर्वापार आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाई येथे असून ‘धारूर-६’ हा वाण याच परिसरातील निवडीतून पुढे आला. २०१६ साली ‘बीड सीताफळ’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला अशी प्रतिष्ठा लाभल्यावर उत्पादकांच्या एखाद्या गटाने मध्यस्थांना वगळून पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट फळ विकावे, असा विचार साहजिकच मनात येतो. अशा गटाने ऑनलाइन दुकान उघडण्याचे ठरविले, असे येथे विवेचनापुरते मानू.

सीताफळ हे तोडणीनंतर पिकणारे फळ आहे. खवल्यांमधील फटी रुंदावून तेथे पिवळसर पांढरी छटा दिसू लागली की फळ तोडणीस आले असे मानतात. तोडल्यावर ते थोड्याच दिवसांत मऊ होते आणि एकदा पिकल्यावर फार काळ टिकत नाही. शीतगृहात अति थंड ठेवावे तर साल काळवंडते. म्हणजे या मालाला दोन्ही बाजूंनी मुदतीचे बंधन आहे : लवकर पोहोचले तर ग्राहकाला ते कच्चे वाटते, उशिरा पोहोचले तर ते फुटलेले असते.

तयार साच्यातून उभारलेल्या ऑनलाइन दुकानात मालाचे पान बहुधा असे असते : एक चित्र, एक किंमत, ‘उपलब्ध’ असा शब्द आणि ‘सात दिवसांत परत करण्याची सोय’. सीताफळाच्या बाबतीत यातील प्रत्येक घटक दिशाभूल करणारा ठरतो. चित्रात फळाच्या शेजारी मापाची कोणतीही वस्तू नसल्यास ग्राहक मोठ्या फळाची अपेक्षा धरतो. किंमत पेटीला आहे की किलोला, हे स्पष्ट नसल्यास पेटी हाती आल्यावर वाद होतो. ‘उपलब्ध’ या शब्दाने फळ झाडावर आहे, तोडून ठेवले आहे की मागणी आल्यावर तोडले जाणार आहे, याचा बोध होत नाही. आणि सात दिवसांनी परत आलेले सीताफळ ही कोणाच्याही उपयोगाची वस्तू नसते.

यावरील उपाय सजावटीचा नाही, माहितीचा आहे. मालाच्या पानावर पेटीचे निव्वळ वजन, फळांची अंदाजे संख्या, तोडणीचा वार, पोहोचण्याचा अपेक्षित दिवस आणि घरी आल्यावर फळ कोठे व किती काळ ठेवावे, एवढे पाच तपशील ठळकपणे असावेत. परत घेण्याच्या नियमाऐवजी ‘पेटी मिळताच त्याच दिवशी छायाचित्र पाठविल्यास खराब फळांची रक्कम परत’ असा मालाच्या स्वभावास साजेसा नियम असावा. शिवाय ज्या पिनकोडला फळ ठरलेल्या मुदतीत पोहोचणे शक्य नाही, तेथील मागणी प्रारंभीच नाकारावी. पैसे घेतल्यानंतर नकार कळविणे हा रचनेचा सर्वांत महाग पडणारा दोष होय.

मानांकनाच्या उल्लेखातही सावधगिरी हवी. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा हे नाव वापरण्याचा हक्क नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांना देतो. दुकानात निरनिराळ्या ठिकाणचा माल एकत्र मांडून पानाच्या शिरोभागी मानांकनाचे चिन्ह लावले, तर ते चिन्ह सर्वच मालाला लागू आहे असा समज होतो. चिन्ह त्या विशिष्ट मालापाशी आणि अधिकृत उत्पादकाच्या नावासह असणे, हे रचनेचे आणि प्रामाणिकपणाचेही काम आहे.

लिपी आणि शोध

दुसरा दोषवर्ग भाषेचा आहे. दुकानाचे मराठी रूप म्हणजे इंग्रजी पानाचे शब्दशः भाषांतर, अशी समजूत अद्याप रूढ आहे. वस्तुतः मराठीत दुकान चालविणे म्हणजे ग्राहक मराठीत जे लिहील ते समजून घेणे होय. ‘सीताफळ’ हा शब्द कोणी ऱ्हस्व ‘सि’ने लिहितो, कोणी रोमन अक्षरांत, कोणी हिंदीच्या सवयीने ‘शरीफा’ म्हणून शोधतो. शोधाच्या चौकटीला यांपैकी एकच रूप ठाऊक असेल, तर बाकीच्यांना ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते आणि माल असूनही दुकान त्यांच्यापुरते रिकामे राहते.

याहून सूक्ष्म अडचण युनिकोडमधील लेखनाची आहे. ‘कैऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या क्रमांनी लिहिता येतो : एका क्रमात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरले जाते, दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न असतात. शोधापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणली नाहीत, तर एका कळफलकावर लिहिणाऱ्याला कैऱ्या सापडतात आणि दुसऱ्याला सापडत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व ठशांत टंकलेली मालाची यादी जशीच्या तशी वापरल्यास शोध सर्वथा निरुपयोगी होतो, कारण त्या ठशांत मराठी अक्षरांमागे रोमन अक्षरांचे संकेत दडलेले असतात.

अंकांचीही तीच गोष्ट आहे. मराठी कळफलकावर ‘४३११२२’ असा बीडचा पिनकोड टंकणाऱ्या ग्राहकाला ‘योग्य पिनकोड लिहा’ असे उत्तर देणारे फॉर्म आजही आढळतात. त्याने लिहिलेला अंक बरोबर असतो. फॉर्मला फक्त एकाच लिपीतील अंक वाचता येतात. देवनागरी अंक स्वीकारून ते आतल्या आत बदलून घेणे हे काही ओळींचे काम आहे. ते न केल्यास दोष यंत्राचा असूनही अडाणी ठरतो तो ग्राहक.

मांडणीतील दोन चुका मराठीला विशेष बाधक आहेत. इंग्रजी मथळ्यांत शोभेसाठी अक्षरांमधील अंतर वाढवितात; देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटून शब्द विस्कळीत दिसतो. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यास वरील मात्रा व वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. संदेशांच्या बाबतीतही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. मोबाइलवरील एका साध्या संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ही मर्यादा ७० संकेतांची आहे आणि मात्रा, अनुस्वारही त्यांत मोजले जातात. त्यामुळे मोठा संदेश दोन-तीन तुकड्यांत जातो. ‘आपल्या बहुमूल्य मागणीबद्दल आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत’ यासारख्या वाक्यातच जागा संपविण्यापेक्षा पेटी कोणत्या दिवशी येणार, हे प्रथम सांगणे उचित.

पत्त्याचे गृहीतक

बीड जिल्हा केवळ विक्रेता नाही. तो ग्राहकही आहे. हाच उत्पादक गट उद्या डाळ, ज्वारी किंवा केशर आंबा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात विकू लागला, की त्याला पत्त्याचा प्रश्न भेडसावेल. पिनकोडची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिले तीन टपालाच्या वर्गवारीचा विभाग दाखवितात, महसुली जिल्हा नव्हे. हा भेद न कळल्यामुळे अनेक फॉर्म पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा आपोआप भरतात. बीड, गेवराई, अंबाजोगाई, परळी यांचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात. आष्टी व पाटोद्याचे मात्र ४१४ ने, आणि ४१४ हा अहिल्यानगर शहराच्याही पिनकोडचा प्रारंभ आहे. परिणामी आष्टीच्या ग्राहकाने बीड जिल्हा निवडला की फॉर्म तक्रार करतो आणि फॉर्मने भरलेला जिल्हा मान्य केला की पत्ताच चुकतो. त्यातच आष्टी नावाचा तालुका वर्धा जिल्ह्यातही आहे आणि शिरूर पुणे जिल्ह्यातही. गावाच्या नावापाशी तालुका विचारला नाही, तर पेटी भलत्याच दिशेला जाण्याचा संभव असतो.

जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. उस्मानाबाद आणि औरंगाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झाली; अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. ज्या यादीत केवळ जुनी किंवा केवळ नवी नावे आहेत, तीत ग्राहकाला आपला जिल्हा सापडत नाही. सरकारी नोंद कोणत्या नावाने ठेवावी हा एक प्रश्न. ग्राहकाने टंकलेले कोणतेही नाव ओळखता यावे हा दुसरा. रचनाकाराने या दोहोंची गल्लत करू नये.

सर्वांत मोठे गृहीतक मात्र पत्त्याच्या स्थैर्याचे आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात तोडणीसाठी जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात त्यांचा पत्ता म्हणजे फडाजवळची कोपी. खात्याशी एकच पत्ता बांधून ठेवणारे आणि तो बदलण्यासाठी पुन्हा सारी पडताळणी मागणारे दुकान अशा कुटुंबाला वर्षाचे कित्येक महिने ग्राहक म्हणून वगळते. येथे ‘जवळची खूण’ आणि ‘माल कोणाच्या हाती द्यावा’ हे दोन रकाने घर क्रमांकापेक्षा महत्त्वाचे ठरतात. पेटी जवळच्या गावातील ठरलेल्या दुकानातून उचलण्याची मुभा असल्यास प्रश्न आणखी सोपा होतो. नावाच्या बाबतीतही असेच आहे : आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवणे किंवा तीन अक्षरांहून लहान नाव नाकारणे यामागे कोणतेही व्यावहारिक कारण नसते.

अर्धवट राहिलेला व्यवहार

जेकब नील्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतीक्षेच्या तीन मर्यादा मांडल्या. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे क्षीण असताना मोठमोठ्या चित्रांनी जड झालेले पान ही तिसरी मर्यादा सहज ओलांडते. चित्रे हलकी करणे आणि मजकूर चित्रांच्या आधी दिसेल अशी व्यवस्था करणे, हा येथे सौंदर्याचा नव्हे तर उपलब्धतेचा प्रश्न आहे.

संथपणापेक्षा गंभीर दोष व्यवहार मध्येच तुटल्यावर उघड होतो. ग्राहक ‘पैसे द्या’ हे बटण दाबतो, यूपीआयने रक्कम खात्यातून जाते आणि त्याच क्षणी जाळे तुटते. पडदा कोरा होतो. रक्कम पोहोचली की नाही हे न कळल्यामुळे तो पुन्हा बटण दाबतो. रचना भाबडी असेल तर दोन मागण्या नोंदल्या जातात आणि दोनदा पैसे जातात. प्रत्येक मागणीला पैसे घेण्यापूर्वीच एक अनन्य क्रमांक देऊन, त्याच क्रमांकाची विनंती कितीही वेळा आली तरी ती एकदाच अमलात आणावी, हे या समस्येचे प्रस्थापित उत्तर आहे. तसेच यशस्वी आणि अयशस्वी या दोन अवस्थांखेरीज ‘प्रलंबित’ अशी तिसरी अवस्था पडद्यावर स्पष्ट शब्दांत दाखवावी लागते : पैसे पुन्हा देऊ नका, खात्री होताच संदेश येईल. हे एक वाक्य नसल्याने विश्वास जातो, आणि गेलेला विश्वास सवलतींनी परत येत नाही.

शिल्लक मालाचेही असेच आहे. शेवटच्या दहा पेट्या असताना बाराजणांनी त्या एकाच वेळी कार्टमध्ये टाकल्या, तर दोघांना नकार द्यावाच लागणार. पेटी ठरावीक मिनिटांपुरती एका ग्राहकासाठी राखून ठेवून मुदत संपताच मोकळी करणे, हा त्यावरील उपाय होय. ओटीपीच्या बाबतीत घरात एकच फोन असतो आणि तो अनेकदा दुसऱ्याच्या हाती असतो, हे ध्यानात घेऊन मुदत पुरेशी ठेवावी. मागणी नोंदविण्यासाठी खाते उघडण्याची सक्ती तर टाळावीच. बाजारात फळ घेताना कोणी सभासदत्वाचा अर्ज भरून घेत नाही.

दोष आणि लबाडी

आतापर्यंतचे दोष अनवधानाने घडणारे आहेत. काही दोष मात्र हेतुतः घडविले जातात. ‘केवळ दोनच पेट्या शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागितलेली वस्तू कार्टमध्ये सरकविणे, शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारी किंमत हे त्यांचे प्रकार. भारतातील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनाप्रकारांची यादी दिली आहे. त्यापूर्वीच, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकोनाद्वारे गृहीत धरण्यास मनाई केली आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे बंधन घातले. अशा युक्त्या पुष्कळदा तयार साच्यासोबतच दुकानात शिरतात. उत्पादक गटाला त्यांची कल्पनाही नसते. परंतु जबाबदारी त्याचीच राहते. सीताफळाची पेटी ४०० रुपयांना दाखवून पॅकिंग व वाहतूक यांची भर शेवटी टाकण्यापेक्षा पिनकोड प्रथम विचारून एकूण रक्कम आरंभीच सांगणे नीतीला धरून आहे आणि धंद्यालाही हितावह आहे.

परीक्षणाची रीत

हे दोष शोधावयाचे कसे? रचनाकाराने स्वतः दुकान वापरून पाहणे पुरेसे नाही. जी गृहीतके त्याने पृष्ठात घातली, ती त्याच्या मनातही असतात. उपयोगाची रीत साधी आहे. ग्राहकास एक ठरावीक काम द्यावे, उदाहरणार्थ, ‘आष्टीच्या मावशींकडे एक पेटी पाठवा’. आणि तो काय करतो ते मध्ये न बोलता पाहावे. थोड्याच व्यक्तींच्या निरीक्षणातून बहुतेक ठळक दोष समोर येतात, हे नील्सन यांचे प्रतिपादन सुविदित आहे. मात्र ते एकजिनसी गटापुरते खरे आहे. पुण्यातील नोकरदार, अंबाजोगाईतील विद्यार्थी, फडावरील तोडणी कामगार आणि चष्म्याविना बारीक अक्षर न वाचू शकणारे वृद्ध हे भिन्न गट होत, आणि प्रत्येकातील काहींना पाहिल्याखेरीज परीक्षण पुरे झाले असे म्हणता येणार नाही. परीक्षण साध्या फोनवर, क्षीण जाळ्यात आणि भर उन्हात करावे. मजकूर व पार्श्वभूमी यांतील तेजाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, हा जागतिक सुगम्यता मार्गदर्शिकेचा दंडक वातानुकूलित खोलीत औपचारिक वाटतो, उन्हात उभे राहून पाहिले की त्याचे मर्म ध्यानात येते.

चुकीच्या रचनेचा खर्च कोणावर पडतो, हा प्रश्न अखेरीस उरतो. मोठ्या कंपनीच्या दुकानात सोडून दिलेली कार्ट हा आकडेवारीतील एक अंक असतो. तिचा माल उद्याही विकला जातो. सीताफळाच्या बाबतीत ‘उद्या’ फार थोडे असतात. फॉर्मने आष्टीचा पिनकोड नाकारला, शोधाला ‘सिताफळ’ उमगले नाही, दोनदा पैसे गेल्याची तक्रार चार दिवस पडून राहिली, तर तेवढ्या अवधीत तोडलेले फळ पिकून वाया गेलेले असते आणि तोटा रचनाकाराच्या नव्हे, उत्पादकाच्या पदरी पडतो. म्हणून ऑनलाइन दुकानाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्याने पडद्यापासून नव्हे, पाटीपासून आरंभ करावा. बाजारातील त्या बाईने गिऱ्हाइकाला कोणते प्रश्न विचारले आणि त्याने न विचारता तिला काय उमगले, यांची नोंद आधी करावी. पृष्ठाची आखणी त्यानंतर.